जॅमबोर्ड गेला, मग रोज नवा डिजिटल फळा हवाच का?

खडूवाला
गूगलने ३१ डिसेंबर २०२४ ला जॅमबोर्ड हा आपला डिजिटल फळा बंद केला. तेव्हापासून शिक्षकांच्या ग्रुपांवर नव्या फळ्यांच्या लिंकांचा नुसता पाऊस: पॅडलेट, मिरो, एक्सकॅलिड्रॉ. ऑनलाइन गटकामाला यातलं काही लागत नाही, गूगल स्लाइड्स पुरतं. मुलं ४०, गट ८, स्लाइड ८. प्रत्येक स्लाइडवर गट क्रमांक आणि प्रश्न आधीच टाकून ठेवायचा, लिंकवाल्या सगळ्यांना 'एडिटर' करायचं. कुणी खोडलं तर व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्यांची यादी, आहेच.

मास्तरीणबाई
आहेच, पण ती अख्खी फाइल मागे नेते! तिसऱ्या गटाची स्लाइड उडाली म्हणून दहा मिनिटांपूर्वीची आवृत्ती आणली, की बाकी सात गटांची दहा मिनिटं गेली. शिवाय मोबाइलवर स्लाइड्सचं वेगळं ॲप लागतं, आणि बोटाने मजकुराची चौकट पकडायला जावं तर चित्रच सरकतं. भूमितीच्या तासाला तर नकोच. एक्सकॅलिड्रॉ ब्राउझरमध्ये उघडतो, लॉगिन मागत नाही, बोटाने त्रिकोण काढता येतो.

खडूवाला
फाइल मागे न्यायचीच कशाला? हिस्टरीत जुन्या आवृत्तीसमोरच्या तीन टिंबांवरून तिची प्रत काढा, त्यातली तेवढी एक स्लाइड कॉपी करून चालू फाइलमध्ये चिकटवा. आणि लॉगिन नाही हा गुण कसला? एक्सकॅलिड्रॉत जो जे नाव टाकेल ते दिसतं. गुण द्यायचे कुणाला?

मास्तरीणबाई
घरात फोन एक, त्यावर खातं बाबांचं. तुमच्या हिस्टरीत आठवीच्या प्रकल्पावर बाबांचं नाव! लॉगिन न करता आलेला तर तिथेही 'अनामिक' कुणीतरी. गुणांसाठी स्लाइड्स घ्या हवं तर. एकत्र बसून डोकं चालवायचं असेल तर मोकळा फळाच बरा.

तिसरा तास
एक्सकॅलिड्रॉची एक मेख सांगतो. लिंकमध्ये # नंतरचा भाग ही त्या फळ्याची किल्ली असते. लिंक हाताने निवडून कॉपी करताना शेपूट तुटलं की मूल बाहेरच. म्हणून वॉट्सॲपवर अख्खा मेसेज फॉरवर्ड करा. तास संपला की फाइल लगेच उतरवून घ्या.

पण दोघांचं भांडण फळ्यावर, आठ गट बोलणार कुठे? फुकटच्या मीटमध्ये तिघे किंवा जास्त असले की ६० मिनिटं मिळतात, पण ब्रेकआउट रूम, म्हणजे गटागटाने वेगळं बोलायच्या खोल्या, नाहीत. फुकटच्या झूममध्ये त्या आहेत, वेळ मात्र ४० मिनिटं. हजेरी आणि रूममध्ये पाठवणं ८, काम २०, सादरीकरण १०. उरली २. त्यात नवं टूल शिकवणार कधी?

खडूवाला
तेच म्हणतोय! आणि फळा कुठलाही घ्या, श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फॉंटातल्या फाइलीतून प्रश्न थेट चिकटवू नका. आधी युनिकोडमध्ये बदला, नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा.