मालिकेतली ‘गोड बातमी’ नेमकी कुठे गंडते?

शब्दवेडा: रोजच्या मालिकेचा ट्रॅक लिहायचाय. लग्नाला चार वर्षं, मूल नाही, सासूचे टोमणे. मग चक्कर, वैद्यांनी नाडी बघणं, खलनायिकेने जिन्यावर सांडलेलं तेल, गर्भपात, शेवटी मोलकरणीकडून सरोगसी (तिच्या पोटात या जोडप्याचं मूल वाढवणं). वाहिनीला साचा हाच हवाय. यात वैद्यकीयदृष्ट्या आणि कायद्याने काय टिकणार नाही?

जिवती: नाडीवरून दिवस गेलेत हे ठरत नाही, लघवीतलं एचसीजी (गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक) तपासावं लागतं. पाळी चुकली की सकाळच्या पहिल्या लघवीवर किट लावायचं. दुसरी रेघ फिकट आली तर दोन दिवसांनी पुन्हा. (एपिसोड तोडायला आयती जागा, ती मालिका वाया घालवतात.) मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात (शेवटच्या पाळीपासून मोजून) सुरू होते, म्हणजे पाळी चुकून दोनेक आठवडे उलटलेले असतात. हनिमूनहून परतताना गाडीतच उलटी नको.

जिना मला सगळ्यात खटकतो. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या आड असतं, त्यामुळे साध्या पडण्याने गर्भ सहसा जात नाही. या काळातल्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. पण जिना बघून बघून बायका ‘मी बादली उचलली म्हणून’ असा दोष स्वतःला लावून घेतात. तेल सांडायचंच असेल तर सातव्या महिन्यात सांडा. पोटाला जोरात मार बसला तर वार (प्लॅसेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते. पोट लाकडासारखं कडक होतं, आणि रक्त आतच साठलं तर बाहेर फारसं दिसतही नाही.

काचपट्टी: चार वर्षांत नवऱ्याची तपासणी कुणी केली का? वीर्यतपासणी स्वस्त, टोचाटोची नाही. 2 ते 7 दिवस संबंध टाळायचे, नमुना घरी घेतला तर तासाभरात लॅबमध्ये पोचवायचा, बर्फात ठेवायचा नाही. रिपोर्टमध्ये दोष निघाला तर तपासणी पुन्हा करतात. एका कागदावर ‘तुम्ही बाप होऊ शकत नाही’ म्हणणारा डॉक्टर नका दाखवू. आणि शुक्राणू कमी असण्याचा मर्दानगीशी संबंध नाही, हे सासऱ्याच्या तोंडी घाला, जास्त लागेल.

कलमबहाद्दर: सरोगसी कायदा 2021 चा आहे. मोबदला देता येत नाही, फक्त वैद्यकीय आणि नियमांत ठरलेला इतर खर्च, शिवाय 36 महिन्यांचा विमा. मोलकरीण अविवाहित असेल तर ट्रॅक तिथेच संपला: लग्न झालेलं हवं, स्वतःचं मूल हवं, वय 25 ते 35, तेही आयुष्यात एकदाच. तिचं स्वतःचं बीज वापरता येत नाही, त्यामुळे ‘बाळ तिच्याच रक्ताचं’ हे वळण कायदेशीर क्लिनिकमध्ये बसणार नाही. सोनोग्राफीनंतर डॉक्टरने ‘वारस’ म्हणून हसणंही नको. खुणेने लिंग सांगणंसुद्धा 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. गर्भपात करून घ्यायला सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, त्यामुळे नवऱ्याच्या सहीचा सीन कापा.

शब्दवेडा: सरोगसीऐवजी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) घेतलं तर किती एपिसोड?

जिवती: भरपूर. साधारण 10 ते 12 दिवस रोज इंजेक्शनं, मधे सोनोग्राफी, मग ट्रिगर (बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन) आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी बीजं काढणं. तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी भ्रूण गर्भाशयात सोडतात. रक्ततपासणी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. मधेच किट लावलं तर एचसीजीच्या ट्रिगरमुळे खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. सासू पेढे वाटून मोकळी, आणि निकाल यायचाय.