नांदूरमध्यमेश्वरच्या गाळातले बुडबुडे आणि नैसर्गिक वायू

प्रश्न – विज्ञान शिक्षिका, निफाड

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील बंधाऱ्याच्या काठी नववीच्या मुलांना पक्षी पाहायला नेले होते. तिथल्या काळ्या गाळात एकाने काठी खुपसताच बुडबुड्यांची माळ वर आली आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटला. एका मुलीने विचारले, "बाई, समुद्रातून काढतात तो गॅस हाच का? मग हा गाळ खूप वर्षे असाच राहिला तर इथेही गॅसचा साठा होईल का?" तिला अर्धवट उत्तर द्यायचे नाही, म्हणून येथे विचारते आहे.

उत्तर – मृद्गंध, नाशिक

दोन्हीकडे मुख्यतः मिथेनच असतो, पण तो तयार होण्याची रीत वेगळी. गाळाच्या अगदी वरच्या थरातच प्राणवायू संपतो. त्याखालचे जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वास येतो तो त्याचा, कारण मिथेनला स्वतःचा वास नसतो. गोड्या पाण्यात सल्फेट थोडे असल्याने ते लवकर संपते आणि मग मिथेन बनवणाऱ्या आर्किया या सूक्ष्मजीवांचे काम सुरू होते. गोबर गॅसच्या टाकीत काम करतात ते याच कुळातले जीव, त्यामुळे मुलांना तिथूनच समजावणे सोपे जाईल.

उत्तर – खडकवाचक, सिन्नर

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे, आणि त्याचे कारण वर्षांपेक्षा खोलीत आहे. न कुजलेले सेंद्रिय द्रव्य गाळाबरोबर गाडले जाऊन त्याचे केरोजन, म्हणजे तेल-वायू ज्यापासून सुटतो ते घन सेंद्रिय द्रव्य, होते. खाली जाताना तापमान दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढते. सुमारे ६० अंशांपासून केरोजनातून तेल सुटू लागते आणि १५० अंशांच्या पुढे जवळजवळ वायूच उरतो. शेवाळ व प्लवकांपासून तेल अधिक, तर लाकूड-पाचोळ्यापासून वायू अधिक मिळतो. त्यासाठी तळ सतत खचत राहून गाळावर गाळ काही किलोमीटर साचावा लागतो. बंधाऱ्यातला गाळ मात्र सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या कातळावर बसला आहे आणि हा कातळ खचत नाही. मुंबईच्या समुद्रात त्या लाव्हानंतर तळ खचत गेला, वर गाळाचे जाड थर साचले आणि त्यांतल्या सेंद्रिय शेलमधून (चिखल दबून बनलेल्या खडकातून) तेल व वायू तयार झाले.

उत्तर – मृद्गंध, नाशिक

एक भर घालतो, नाहीतर सूक्ष्मजीवांचा वायू क्षुल्लक असतो असा समज होईल. २००६ साली कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रतळात वेधन झाले, तेव्हा तिथे मिथेन हायड्रेट, म्हणजे पाण्याच्या बर्फासारख्या जाळीत अडकलेला मिथेन, सापडले आणि त्यातला मिथेन मुख्यतः सूक्ष्मजीवांनीच बनवलेला आहे. त्या गाळातली काही माती आपल्याच दख्खनच्या कातळाची, गोदावरीने वाहून नेलेली आहे, हे मुलीला जरूर सांगा. वायू सूक्ष्मजीवांचा की उष्णतेने बनलेला, हे ओळखतात ते कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या हलक्या-जड अणूंवरून: सूक्ष्मजीव हलका कार्बन-१२ अधिक पसंत करतात, त्यामुळे त्यांच्या मिथेनमध्ये जड कार्बन-१३ कमी असतो. उष्णतेने बनलेल्या वायूत तो तुलनेने जास्त असतो आणि इथेन, प्रोपेनही बरेच सापडतात.

शिक्षिका, निफाड

मन:पूर्वक आभार. तो वास मिथेनचाच, असे मी वर्गात सांगितले होते. उद्या पहिल्या तासाला ते दुरुस्त करते. बुडबुडे गोळा करून दाखवता येतील का?

उत्तर – खडकवाचक, सिन्नर

येतील. बाटली पाण्याने भरून पाण्यातच उलटी धरा, तोंडाला नरसाळे लावा आणि खालचा गाळ काठीने हलवा. इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली माज्जोरे सरोवरातला वायू असाच गोळा केला होता. पेटवून मात्र पाहू नका, आणि मुलांना काठावरच उभे करा, कारण तिथला गाळ पाय धरून ठेवतो.