स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) दाखला म्हणजे सुटकेचा परवाना?

रानजाई: कालच्या धाग्यावर 'कोर्टवारी' म्हणाले, "उद्या प्रत्येक आरोपी स्वमग्नतेचा दाखला आणून सुटेल." उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

दाखल्याने कोणी सुटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली सुटायला, मन ठिकाणावर नसल्याने आपण काय करतोय हे न कळणारा माणूस लागतो. बोलता-चालता ऑटिस्टिक माणूस त्यात सहसा बसत नाही. तो तुरुंगातच राहतो. तिथे गिनतीची शिट्टी, लोखंडी दार, रात्रभर जळणारा दिवा. त्याने कान झाकले, नजर चुकवली किंवा हुकूमच जसाच्या तसा परत म्हटला, की वॉर्डरला तो माज वाटतो. तुरुंगाच्या कायद्याने हुकूम मोडणं हा तुरुंगातला गुन्हा. शिक्षेतून मिळालेले माफीचे दिवस कापा नाहीतर एकट्याला सेलमध्ये टाका. सेलमध्ये गोंगाट कमी, म्हणून तो शांत होतो, आणि साहेबांना वाटतं शिक्षा लागू पडली!

करायचं एवढंच: एका वेळी एकच हुकूम, झडतीआधी "आता खिसे तपासतो" असं सांगणं, बरॅक बदलण्याची वा कोर्टाच्या तारखेची आदल्या दिवशी कल्पना, झोपायला भिंतीकडची जागा.

कोर्टवारी: भिंतीकडची जागा? गर्दीमुळे माणसं कुशीवर झोपतात तिथे! कोपरा फुकट दिलात तर आठवड्यात दुसऱ्याला विकला जाईल. आणि शिक्का मारलात की भोळा म्हणून त्याच्याच अंथरुणात दुसऱ्याचा मोबाईल लपवतील.

चिंचोका: आधी तो 'स्वमग्न' शब्द काढून टाका. आत्मप्रौढीचा रोग वाटतो.

आकडेमोड्या: शब्द राहू द्या, दाखला मिळणार कसा ते बोला. आयसा या ऑटिझम मोजायच्या भारतीय चाचणीत ४० बाबी, प्रत्येकी १ ते ५ गुण, ७० च्या खाली ऑटिझम नाही. बालपणाची माहिती पालकांकडून लागते. पंचेचाळिशीच्या कैद्याची आई कुठून आणायची?

रानजाई: दाखल्यावर ४० टक्के अपंगत्व आरक्षणाला लागतं. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात वाजवी सोयीला, म्हणजे गरजेप्रमाणे थोडा बदल करून देण्याला, ती अट नाही.

आकडेमोड्या: कायदा पाठ आहे हो! कागदाशिवाय जेलर चमचा हलवत नाही, हेही पाठ करा.

रानजाई: जुलै २०२५ ला मुरुगनंतम निकालात सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या तुरुंगांना सांगितलंय, दाखल होतानाच अपंगत्व ओळखा, कैद्याला स्वतःला सांगू द्या.

आकडेमोड्या: निकाल! तळोजा तुरुंगात ८३ वर्षांच्या, पार्किन्सन झालेल्या कार्यकर्ते स्टॅन स्वामींना नळीच्या पेल्यासाठी (सिपर) कोर्टात जावं लागलं. तिथे थरथरणारे हात दिसत तरी होते. बरं, दाखल्याची अट सोडतो. पण ओळखणार कोण? आल्या दिवशीची वैद्यकीय तपासणी म्हणजे वजन आणि जखमांची नोंद.

कोर्टवारी: आदल्या दिवशी तारीख सांगणं फुकट आहे, तेवढं मान्य. घ्या, जिंकलात. पण एस्कॉर्टला पोलीस नाहीत म्हणून गाडीच आली नाही की तो डोकं आपटणार, तेव्हा?

रानजाई: म्हणून "उद्या कोर्ट" म्हणायचं नाही. "गाडी आली तर कोर्ट, नाही आली तर जेवण आणि बरॅक." दोन्ही सांगायचं, आदल्या रात्रीच.