आयफोनवर बॉटम शीट उघडताना फोकस दिला की उडी मारते – मदत हवी आहे

वेबपानावर बटण दाबलं की खालून शीट (पानावर येणारा पॅनेल) वर सरकते, सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मवर ३०० मिलिसेकंदांचं ट्रान्झिशन (सरकण्याचं ॲनिमेशन) आहे. आत पहिलंच शोधाचं इनपुट. शीट उघडताक्षणी कर्सर तिथे जावा आणि कीबोर्ड वर यावा, एवढंच हवंय.

क्लिकच्या हँडलरमध्येच फोकस दिला तर इनपुट अजून स्क्रीनच्या खाली असतं. सफारी ते दिसावं म्हणून पान वर ढकलतो, शीट अर्ध्यात झटका खाते आणि वर पांढरी पट्टी उरते. ट्रान्झिशन संपल्यावर फोकस दिला तर हालचाल लोण्यासारखी, पण कीबोर्ड येतच नाही, कारण तोवर तो फोकस युजरच्या टॅपमधून आलेला राहत नाही. इकडे आड, तिकडे विहीर!

फोकस देताना पान सरकू नये म्हणून प्रिव्हेंटस्क्रोल ट्रू देऊन झालं. कीबोर्ड आला की पान तरीही सरकतं. मागचं स्क्रोल बंद करायला बॉडीला ओव्हरफ्लो हिडन लावून पाहिलं, फरक शून्य. पोझिशन फिक्स्डने मागचं पान थांबतं, पण शीट बंद करताना ते क्षणभर वरच्या टोकाला जाऊन परत येतं. ॲनिमेशन पूर्ण काढलं की सगळं सुरळीत, म्हणजे दुखणं फोकसच्या वेळेचंच.

अँड्रॉइडवर क्रोममध्ये काहीच त्रास नाही. साधं जावास्क्रिप्ट आहे, लायब्ररी घालता येणार नाही. एचटीएमएलचं डायलॉग एलिमेंट चालेल.

आधी एका अदृश्य, जागेवरच असलेल्या इनपुटला फोकस देऊन कीबोर्ड उघडायचा आणि ट्रान्झिशन संपल्यावर फोकस खऱ्या इनपुटकडे न्यायचा, हा जुगाड कोणी प्रत्यक्ष वापरलाय का? त्यात व्हॉइसओव्हर (आयफोनचा स्क्रीन वाचून दाखवणारा) काय वाचतो?