मदरबोर्डचं भित्तिचित्र: तुकडे कशाने चिकटवावेत?

प्रश्न: कॉम्प्युटरच्या जुन्या मदरबोर्डच्या तुकड्यांतून कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं चित्र करतोय, प्लायवर, २ बाय ३ फूट. भिंतीवर दुपारचं ऊन येतं. ग्लू गन चालेल का?

उत्तर: नाही, उन्हात तिचा गोंद मऊ पडतो. दोन ट्यूबांचं इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) समान भागांत मिसळा, लावल्यावर २४ तास हलवू नका. त्याआधी बोर्डाची मागची बाजू १२० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात वापरायचा घासकागद) ओली घासा, सुकवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. गुळगुळीत थरावर पकड येत नाही.

उत्तर: कापतानाही पाणी मारा, एन९५ मास्क हवाच, बोर्डातल्या काचतंतूंची धूळ फुप्फुसात जाते. बोर्डावरचा बटण सेल आधी काढा. आणि सुटे भाग काढायला बोर्ड जाळू नका, कृपया! धूर विषारी असतो.

उत्तर: प्लाय मरीनच (पाण्याला टिकणारा) घ्या. कोल्हापूरच्या पावसाळ्यात साधा फुगतो, तुकडे उचकटतात. लोखंडी चौकट तिथल्याच उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, करून मिळेल.