कृष्णधवल स्कॅनना सरसकट सेपिया फासून टिफ उडवणाऱ्यांसाठी

तांबूस_कागद
'जुने कृष्णधवल फोटो दोन मिनिटांत चकाचक' ही पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरतेय. त्यातली कृती: ८ बिट ग्रेस्केलमध्ये (काळ्या ते पांढऱ्या २५६ छटा) स्कॅन, फोटोशॉपमध्ये ऑटो लेव्हल्स (काळं-पांढरं आपोआप ताणणं), ह्यू/सॅच्युरेशनमध्ये कलराइज करून सेपिया म्हणजे तपकिरी छटा (ह्यू ३५, सॅच्युरेशन २५), हीच ॲक्शन (नोंदवून ठेवलेल्या पायऱ्या) अख्ख्या फोल्डरवर, जेपेग सेव्ह, मूळ टिफ (स्कॅनची पूर्ण दर्जाची फाइल) डिलीट. खाली धन्यवादांची रांग. शेवटची पायरी वाचून राहवलं नाही.

ऑटो लेव्हल्स फोटोभोवतीची पांढरी किनार आणि अल्बमचा काळा कागदही हिशेबात धरतं. आधी क्रॉप न केल्यास चेहरे होते तसेच फिके राहतात. क्रॉप केलंत तरी फिकट पडलेल्या प्रिंटचा हिस्टोग्राम (छटांचा आलेख) ८० ते १९० मध्येच अडकलेला असतो. त्या १११ पायऱ्या ८ बिटमध्ये २५६ वर ताणल्या की हिस्टोग्रामचा कंगवा होतो, म्हणजे मधल्या छटा गळतात, आणि आकाशात पट्टे उमटतात. म्हणून स्कॅन १६ बिटमध्ये घ्या.

आता सेपिया. कलराइज सगळ्यात जास्त रंग मधल्या छटांना देतं. डार्करूममध्ये खरा सेपिया करताना फेरिसायनाइड-ब्रोमाइडचं ब्लीच उजळ भागातली चांदी आधी खातं, गडद भागातली शेवटी. ब्लीच अर्ध्यावर थांबवलं तर टोनरमध्ये उजळ भाग तपकिरी होतो आणि सावल्या काळ्याच राहतात. सेलेनियम टोनर उलट सावल्यांपासून सुरू होतं. तसा परिणाम हवा असेल तर ग्रेडियंट मॅपचा (छटेनुसार रंग देणारा) ॲडजस्टमेंट लेयर घ्या, ब्लेंड मोड कलर (रंग वरच्या लेयरचा, उजेड खालच्याचा). थांबे तीन: ० वर तटस्थ काळा, ६० टक्क्यांच्या आसपास तपकिरी, १०० वर साईसारखा पांढरा. ओपॅसिटी ३० ते ४०. फोटोगणिक स्लायडर हलवायला लागतो, ॲक्शनने भागत नाही.

घाईत_आहे
झालं, आले सोवळेवाले. ज्याच्याकडे खोकंभर फोटो आहेत त्याने प्रत्येकाला तीन थांबे लावत बसायचं?

आणि १६ बिट ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. चकचकीत प्रिंटची कमाल घनता (काळेपणाचं लॉग माप) २.१ च्या आसपास, म्हणजे सव्वाशेला एक एवढाच कॉन्ट्रास्ट. त्याला २५६ पायऱ्या भरपूर झाल्या. शिवाय कागदाचा पोत, दाणे आणि स्कॅनरचा नॉइज मिळून दोन-चार पायऱ्यांची खरखर आयतीच असते, त्यात पट्टे लपतात. पट्टे दिसतातच कुणाला? ज्यांनी नॉइज रिडक्शन फिरवून फोटो गुळगुळीत केला त्यांना.

हायपो
घाईत_आहे यांचा शेवटचा मुद्दा बरोबर आहे, हे लिहिताना त्रास होतोय. पण तो धड प्रिंटपुरता. फिकट पडलेल्या प्रिंटला ती सव्वाशे उरलेलीच नसते. निगेटिव्हचा घनतेचा पल्लाही चकचकीत प्रिंटपेक्षा कमी असतो, त्यामुळे ते स्कॅन ताणावंच लागतं. तिथे ८ बिट घेणं म्हणजे हात बांधून घेणं.

धागाकर्त्यांना: कलर मोडमध्ये शुद्ध पांढऱ्याला रंग चढतच नाही, कारण ब्राइटनेस खालच्या लेयरचा राहतो. तुमचा १०० वरचा साईचा थांबा शोभेचा आहे. कागदाचा पिवळसरपणा हवा असेल तर वेगळा कर्व्हज लेयर घेऊन ब्लू चॅनलचं वरचं टोक २५५ वरून २४० ला आणा.

तांबूस_कागद
किंवा मोड नॉर्मल करा. मग ग्रेडियंटने कॉन्ट्रास्ट बदलला म्हणून बोंब मारू नका म्हणजे झालं.

लाल_चॅनल
तुम्ही सगळे सेपियावर भांडताय, चूक त्याआधीच झालीय. ग्रेस्केलमध्ये स्कॅन करायचंच कशाला? रंगीत करा. पिवळे-तपकिरी डाग निळ्या चॅनलमध्ये ठळक दिसतात, लालमध्ये जवळपास विरतात. तिन्ही चॅनल उघडून बघा आणि डागाळलेल्या प्रिंटचा लालच घ्या. निळ्या बॉलपेनची रेघ असेल तर मात्र निळा बरा, लाल शाईचा शिक्का लालमध्येच पुसट होतो. ग्रेस्केल स्कॅनमध्ये ही निवड तुमच्या हातून गेलेली असते. आणि मूळ प्रिंट खरोखरच सेपिया असेल तर तो रंग फोटोचाच भाग आहे. तो पुसून वर नकली सेपिया चढवणारे धन्य!

घाईत_आहे
डाग, धूळ, ओरखडे यांसाठी स्कॅनरमध्ये इन्फ्रारेड क्लीनिंग असतं की. एक टिक केली की काम झालं.

हायपो
अहो! चांदीच्या निगेटिव्हवर इन्फ्रारेड?? त्या क्लीनिंगचं तत्त्वच असं की फिल्ममधली रंगद्रव्यं इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि फक्त धूळ अडते. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचे कणच ते अडवतात. सॉफ्टवेअरला अख्खं चित्र म्हणजे धूळ वाटते आणि ते कडा, पापण्या, केसांच्या बटा सारवत सुटतं. इल्फर्ड एक्सपी२ सारखी सी-४१ ची (रंगीत निगेटिव्हच्या प्रक्रियेने धुतली जाणारी) कृष्णधवल फिल्म असेल तर चालतं, कारण तिच्यात शेवटी चांदी नाही, रंगद्रव्य उरतं. आणि कागदी प्रिंटवर तर हा प्रश्नच येत नाही, कारण पद्धत आरपार जाणाऱ्या उजेडाची आहे.

घाईत_आहे
कोडॅक्रोमवर (रंगीत स्लाइड फिल्मवर) तरी चालतं ना, की तीही पोथीत निषिद्ध?

हायपो
कोडॅक्रोमवरही हमी नाही. पण इथे विषय कृष्णधवलचा आहे. गाडी कुठे नेताय?

लाल_चॅनल
गाडी मीच आणतो. निगेटिव्हवरची धूळ उजेड अडवते, म्हणून पॉझिटिव्ह केल्यावर ती पांढरी दिसते. लेयरची कॉपी घ्या, त्यावर डस्ट अँड स्क्रॅचेस, रेडियस २-३, थ्रेशोल्ड १० च्या वर, ब्लेंड मोड डार्कन. मग फक्त पांढरे ठिपकेच झाकले जातात. लेयरचा मास्क काळा भरून (म्हणजे लेयर झाकून) जिथे धूळ तिथेच पांढरा ब्रश फिरवा, नाहीतर डोळ्यांतली चमकही जाते. उरलेलं हीलिंग ब्रशने, रिकाम्या लेयरवर, सॅम्पल 'करंट अँड बिलो'. आणि हे सगळं टोनच्या लेयरखाली. टोन चढवून फ्लॅटन केलेल्या (सगळे लेयर एक केलेल्या) फोटोवर हीलिंग केलंत आणि पुढे रंग बदलावासा वाटला, तर सगळी मेहनत पाण्यात.

घाईत_आहे
बरं, पंडितहो. आता जागेचं बोला. १० × १५ सेंमीचा प्रिंट ६०० डीपीआयने १६ बिट रंगीत म्हणजे ५० एमबी. तोच ८ बिट ग्रेस्केल साडेआठ एमबीच्या आत.

तांबूस_कागद
मग डाग नसलेला, तटस्थ काळा-पांढरा प्रिंट १६ बिट ग्रेस्केलमध्ये ठेवा, १७ एमबीत बसतो. टिफला कॉम्प्रेशन झिप द्या. एलझेडडब्ल्यूने १६ बिटची फाइल कधीकधी उलट फुगते. ड्युओटोन (दोन शायांच्या) मोडच्या नादी लागू नका. तो फक्त ८ बिट ग्रेस्केलवरून मिळतो आणि टिफमध्ये सेव्हही होत नाही.

जेपेग ही वाटण्याची प्रत. ८ बिटच असते आणि उघडून बदल करून पुन्हा सेव्ह केली की दर वेळी झिजते. फोटोशॉपमध्ये क्वालिटी ६ किंवा खाली गेलात की रंगाचं रेझोल्यूशन अर्ध्यावर येतं. टोन केलेल्या फोटोत मग सावलीच्या कडेला तपकिरीचे चौकोन दिसतात. १० ठेवा. ग्रेस्केल जेपेग देऊ नका, बरेच व्ह्यूअर ग्रेचं प्रोफाइल वाचतच नाहीत. डॉट गेन २० टक्के (छपाईसाठीचं ग्रे प्रोफाइल) लावलेला फोटो मग दुसरीकडे वेगळ्याच उजेडाचा दिसतो. एसआरजीबीत (स्क्रीनच्या सर्वसाधारण रंगप्रोफाइलमध्ये) कन्व्हर्ट करा, प्रोफाइल एम्बेड करा, मग पाठवा.

घाईत_आहे
ठीक. टिफ डिलीट करणार नाही, जेपेग १०. पोस्टवाल्याचं एवढं चुकलं, मान्य. सेपिया मात्र सगळ्या फोल्डरला लावणार.

हायपो
लावा. फक्त फाइलच्या नावात 'टोन' लिहा आणि मूळ टिफ वेगळ्या डिस्कवर ठेवा. आणि सॅच्युरेशन २५ वरून १२ वर आणा, काविळीसारखे दिसतात हो ते लोक.