घरी शंभर मेगाबिटची जोडणी असताना वाय-फाय ७ कशासाठी?

जुळे सोलापूर (धागाकर्ता):
सोलापुरातील दुकानांत सध्या वाय-फाय ७ चे राउटर आग्रहाने दाखवले जातात. स्वस्त राउटरच्या खोक्यावर ३६०० हा आकडा ठळक छापलेला असतो; वास्तविक ती रेडिओ लहरींच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरील सुमारे ६८८ आणि ५ गिगाहर्ट्झवरील सुमारे २,८८२ मेगाबिट या कागदी कमाल वेगांची बेरीज असते. वाय-फायच्या १९९७ च्या पहिल्या मानकात (८०२.११) वेग २ मेगाबिट होता, १९९९ च्या ‘बी’ मानकात तो ११ झाला आणि २००९ च्या ‘एन’ मानकात ६०० पर्यंत गेला. तोवरची प्रत्येक पायरी सामान्य ग्राहकाला जाणवली. घरात येणारी फायबर जोडणीच शंभर मेगाबिटची असेल, तर त्यापुढची शर्यत विक्रेत्यांच्या सोयीची आहे, असे माझे मत आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसी:
मी पूर्णपणे असहमत आहे. आमच्या टॉवेल कारखान्याच्या पॅकिंग विभागात बारकोड स्कॅनर, कॅमेरे आणि कामगारांचे फोन एकाच जाळ्यावर चालतात; तिथे वेग कधीच कमी पडला नाही, अडचण प्रत्येक उपकरणाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागण्याची होती. जुन्या मानकांत चार अक्षरांचा बारकोड पाठवण्यासाठीसुद्धा एक उपकरण संपूर्ण चॅनेल अडवून धरते. वाय-फाय ६ मधील ओएफडीएमए तंत्राने २० मेगाहर्ट्झचे चॅनेल एकाच वेळी नऊ उपकरणांपर्यंत वाटता येते. अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय सिग्नल देणारे यंत्र) आणि स्कॅनर बदलल्यावर, बाहेरची जोडणी तीच असूनही, आमचे अडकणे थांबले. मानक म्हणजे केवळ वेग, हे आपले गृहीतकच चुकीचे आहे.

जुळे सोलापूर:
आपले उदाहरण सहाचे आहे, माझा आक्षेप सातवर आहे. त्याचे मुख्य आकर्षण असलेले ३२० मेगाहर्ट्झचे चॅनेल ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातच मावते. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये तिथे १,२०० मेगाहर्ट्झ खुले केले; आपल्याकडे खालच्या ५०० मेगाहर्ट्झसाठीचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही ३६०० च्या खोक्यात ६ गिगाहर्ट्झचा रेडिओच नसतो. मग ग्राहक नेमके काय विकत घेतो?

विजापूर रोड (जाळे जोडणीचा व्यवसाय):
मल्टी-लिंक विकत घेतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांवर एकच जोडणी राहते आणि एकीकडे गर्दी झाली की माहिती दुसरीकडून जाते. अर्थात फोननेही त्याला साथ द्यायला हवी. मात्र आपण दोघेही स्लॅबबद्दल बोलत नाही. आरसीसी स्लॅबमधून वरच्या मजल्यावर जाताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल बराच क्षीण होतो, आणि त्यावर केबल ओढून दुसरा अॅक्सेस पॉइंट बसवणे हाच भरवशाचा उपाय आहे. ग्राहक केबलला नाही म्हणतात आणि महागडा राउटर घेतात, हा रोजचा अनुभव आहे. राहता राहिला पुढचा टप्पा: वाय-फाय ८, म्हणजे ८०२.११बीएन, याचे घोषित उद्दिष्ट कमाल वेग वाढवणे नसून विश्वासार्हता वाढवणे हे आहे. क्षीण सिग्नलमधील वेगात, विलंबात आणि वाटेत हरवणाऱ्या माहितीच्या तुकड्यांत (पॅकेट) किमान २५ टक्के सुधारणा त्यात अपेक्षित आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसी:
म्हणजे मानक ठरवणारी समितीही माझ्याच बाजूची आहे.

जुळे सोलापूर:
माझ्याही. कमाल वेगाची शर्यत पुरे झाली, हेच तर मी म्हणत होतो. विलंबातील घट खोक्यावर ठळक छापणारा उत्पादक निघाला, तर मी राउटर बदलेन.